दीड हजारांचा ईस्टर आणि एक जुने जाळे

या वेळचे पत्र वेंगुर्ला तालुक्यातून आले आहे. थोडे आटोपशीर करून ते येथे देत आहे.

«आमचे घर किनाऱ्यापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. यंदा ईस्टरचे जेवण आमच्याकडे असून मुलेबाळे धरून तीस माणसे होतील. मिस्टर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरायला जातात. यंदा मासळीतला वाटा फारच कमी आला, त्यामुळे जेवणाचा खर्च बाजूला काढल्यावर सजावटीसाठी माझ्या हातात दीड हजार रुपये उरतात. गेल्या वर्षी मुंबईच्या जाऊबाईंनी हॉलमध्ये फुग्यांची कमान, थर्माकोलची मोठमोठी अंडी आणि सशाचे कटआउट लावले होते, आणि माझ्या मुलीला आता अगदी तसेच हवे आहे. सासूबाई म्हणतात, गुड फ्रायडे सरेपर्यंत घरात रंगीत कागदसुद्धा दिसता कामा नये. जेवण दुपारी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आहे. एवढ्या पैशांत आणि एवढ्या कमी वेळात काय करता येईल? आणि जाऊबाईंना काय सांगू?»

ताई, उत्तराची सुरुवात तुमच्या सासूबाईंपासूनच करते, कारण त्यांच्या म्हणण्यातून तुमच्या कामाचे वेळापत्रक आपोआप तयार होते. त्यांचे बरोबर आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) चर्चमधल्या वेदीवरची वस्त्रे उतरवली जातात, शुक्रवारी ती उघडीबोडकी राहते आणि शनिवारी रात्री पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटल्यावरच पांढरी वस्त्रे, फुले आणि घंटा परत येतात. घरानेही हाच क्रम पाळला, तर सजावट हा चार दिवसांचा पसारा न राहता रविवारी सकाळी एकदम उलगडणारी गोष्ट होते, आणि ज्या मुलांनी शुक्रवारी रिकामी भिंत पाहिली असेल त्यांना ती रविवारी भरलेली दिसते. तेव्हा बुधवारपर्यंत जे करता येईल ते करून, गुंडाळून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवा. गुरुवार आणि शुक्रवार हात आवरा. शनिवारी दिवसा खळे सारवणे, भांडी काढणे, अंडी उकडणे अशी कामे करायला सासूबाईंची हरकत असणार नाही, कारण ती स्वयंपाकघराची आणि साफसफाईची कामे आहेत. टांगायचे ते सगळे शनिवारच्या रात्रीच्या मिस्सावरून आल्यावर किंवा रविवारी पहाटे टांगा.

फुग्यांविषयी मुलीची समजूत घालणे थोडे कठीण जाईल, पण हे फुगे मुंबईच्या बंद हॉलमध्ये शोभले तसे तुमच्या खळ्यात शोभणार नाहीत, हे तिला सांगता येईल. एप्रिलच्या उन्हात फुगे अकरा वाजल्यापासून फुटू लागतात, आणि किनाऱ्याला दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उरलेले सुटून वाळूकडे पळतात. वायंगणीच्या आणि वेळासच्या किनाऱ्यांवर याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून निघून पाण्याकडे जात असतात. त्यांच्या वाटेत रबराचे तुकडे जाऊ नयेत, एवढे तुमच्या मुलीला सहज पटेल, कारण तिच्या वयाच्या मुलांना हे शाळेत सांगितलेले असते. थर्माकोलचा तर प्रश्नच मिटला आहे. सजावटीचे थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि महाराष्ट्राने त्याआधीच, २०१८ मध्ये, थर्माकोलच्या वस्तूंवर बंधने आणली होती. सशाबद्दल माझे मत विचारलेले नाही, तरी सांगते: ससा ही जर्मनीकडून फिरत फिरत आलेली प्रथा आहे, तिच्यात वाईट काही नाही, पण ज्या घरात जाळे आहे त्या घराने सशासाठी पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. तीस माणसांच्या जेवणासाठी खळे, पडवी, माजघर, दरवाजा असे सगळे थोडे थोडे सजवायला गेलात, तर दीड हजार रुपये कुठे गेले ते कळणारही नाही आणि प्रत्येक कोपरा अर्धवट दिसेल. सजावट एकाच जागी करा. ती जागा अशी निवडा की जेवायला बसलेल्या प्रत्येकाची नजर तिच्यावर जाईल आणि फोटो काढणारा प्रत्येक जण तिच्यापुढेच उभा राहील. तुमच्या पत्रावरून मला वाटते की पडवीची खळ्याकडची भिंत ही ती जागा असावी. फक्त एक पाहा: दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान त्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर फुले टिकणार नाहीत आणि फोटोत माणसांचे डोळे मिटलेले येतील. तसे असेल तर मांडवाखालची सावलीची बाजू घ्या.

या भिंतीवर जाळे लावा. रापणीच्या जाळ्याचा फाटलेला, टाकून दिलेला तुकडा तुमच्याकडे किंवा तुमच्या मिस्टरांच्या रापण संघात नक्की असेल. चालू जाळे मागू नका. पावसाळा लागेपर्यंत ते कामाचे आहे, आणि मासेमारीच्या दिवसांत कामाचे जाळे भिंतीवर टांगलेले पाहून घरातल्या म्हाताऱ्यांना बरे वाटणार नाही.

जाळ्याचा आणि ईस्टरचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय सासूबाईंना पाठ असेल. पुनरुत्थानानंतर सात शिष्य तिबिर्याच्या सरोवरावर मासे धरायला गेले, रात्रभर काही लागले नाही, पहाटे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या येशूने होडीच्या उजव्या बाजूला जाळे टाकायला सांगितले, आणि ते इतके भरले की होडीत घेता येईना. मग ते ओढत ओढत किनाऱ्याला आणावे लागले. मासे मोजले तर १५३ भरले, आणि एवढे असूनही जाळे फाटले नाही. किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार होती. ज्या घराने रिकामी रात्र आणि किनाऱ्यावर ओढून आणलेले जाळे दोन्ही पाहिले आहे, त्या घराला हा अध्याय कोणी समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून जाळ्यावर कागदाचे १५३ मासे लावा. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण तो फार सोयीचा आहे. १ पासून १७ पर्यंतचे सगळे आकडे मिळवले की बेरीज बरोबर १५३ येते. ही गोष्ट प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने योहानाच्या या अध्यायावर बोलताना नोंदवली होती. म्हणजे वरच्या ओळीत एक मासा, तिच्याखाली दोन, मग तीन, असे करत सतराव्या ओळीत सतरा मासे लावले की जाळ्यावर सरळ त्रिकोण उभा राहतो. हिशोब करायला मुले लागतातच, आणि परीक्षेच्या दिवसांत ती थोडी गणितात रमली तर कोणाचे नुकसान नाही. दोन माशांच्या मध्यांमध्ये आडवे १५ सेंटिमीटर आणि दोन ओळींमध्ये उभे १० सेंटिमीटर ठेवले, तर त्रिकोण सुमारे आठ फूट रुंद आणि सव्वापाच फूट उंच होतो. तीस माणसांच्या खळ्यात तो कोणत्याही टोकाला बसलेल्याला दिसतो.

कागद विकत घ्यायचाच तर ए-फोर आकाराचा जाड ड्रॉइंग पेपर घ्या. आडव्या बाजूचे तीन आणि उभ्या बाजूचे तीन भाग केले की एका कागदातून नऊ मासे निघतात, म्हणजे सतरा कागदांत तुमचे १५३ पुरे होतात. पण त्याआधी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघा. कोकणातल्या कोणत्याही घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात पत्रिकांचा गठ्ठा असतोच, आणि त्यांचा जाड, सोनेरी, हळदीच्या रंगाचा कागद कोणत्याही दुकानात मिळणार नाही. शेजाऱ्यांच्या पत्रिकांवर गणपतीचे किंवा कुलदैवताचे चित्र असेल तेवढा भाग मात्र कापू नका. तो वेगळा काढून त्यांनाच द्या किंवा नीट ठेवा. पांढरा, पिवळा आणि सोनेरी एवढेच रंग निवडा. पांढरा हा चर्चमध्ये ईस्टरचा रंग आहे, आणि रंग मोजके असले की सजावट कमी खर्चाची असली तरी तशी वाटत नाही. लाल, निळे, हिरवे मासे करण्याचा मुलांचा हट्ट होईल. त्यांना एक एक मासा हवा तसा रंगवू द्या आणि तो त्रिकोणाच्या मध्यभागी कुठेतरी घाला.

जाळ्याचे दोन धोके आहेत. पहिला वासाचा. नुसते उन्हात टाकून वास जात नाही, उलट उन्हाने तो उठतो. झावळ्यांच्या रविवाराच्या (ईस्टरच्या आदल्या रविवाराच्या) आधी तीन दिवस ते गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी रोज बदला, अडकलेले खवले आणि शेवाळ घासून काढा, शेवटच्या पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा टाका आणि मग दोन दिवस वाऱ्यावर वाळवा. दुसरा धोका शिशाचा. जाळ्याच्या खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतील तर त्या काढून टाका, कारण लहान मुले त्या तोंडात घालतात आणि शिसे पोटात जाणे चांगले नाही. वरच्या कडेचे बोये, म्हणजे जाळे तरंगते ठेवणारे गोळे, मात्र राहू द्या, ते शोभेचेच दिसतात. खाली वजन म्हणून बांबूची काठी ओवा, म्हणजे दुपारच्या वाऱ्यात जाळे भिंतीपासून सुटून फडफडणार नाही. मासे लावायला टाचण्या वापरू नका. पांढऱ्या दोऱ्याने बांधा, किंवा माशाच्या पाठीला चीर देऊन जाळ्याच्या दोऱ्यात अडकवा. बुधवारी हे सगळे खाली जमिनीवर पसरून लावून घ्या, काठीभोवती चटईसारखे गुंडाळा, आणि रविवारी पहाटे दोघांनी दोन खिळ्यांना अडकवले की पाच मिनिटांत भिंत तयार होते.

फुलांवर खर्च करायचा की नाही, हे ईस्टर कधी येतो त्यावर अवलंबून आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार अशी त्याची गणना असल्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो. उदाहरणार्थ, २०२५ मधला ईस्टर २० एप्रिलचा, २०२६ मधला ५ एप्रिलचा. या पाच आठवड्यांच्या फरकात कोकणातली फुले बदलतात. ईस्टर लवकर आला तर तुमच्या भागात सुरंगी मिळते. पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा दाट गुच्छ, म्हणजे रंगही ईस्टरचेच, आणि सुकल्यावरही वास टिकतो. तिच्यासाठी दोनशे रुपये बाजूला ठेवा आणि दोन-चार वळेसर (गजरे) घ्या. ते भिंतीवर लावू नका, तिथे ते दिसणारही नाहीत. एक आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या, क्रुसाला घाला आणि बाकीचे आलेल्या म्हाताऱ्या बायकांना केसांत माळायला द्या. सुरंगीचा हंगाम सरला असेल तर मोगरा घ्या. लिलीच्या मागे मात्र लागू नका. परदेशातल्या चित्रांत दिसणारी ईस्टर लिली आपल्याकडे महागच पडते आणि बाजारातून घरी येईपर्यंत माना टाकते.

फुकट मिळणारे फूल म्हणजे पांढरा चाफा. या दिवसांत त्याच्या फांद्यांवर पाने नसतात आणि फुले भरून असतात. पाकळी पांढरी, घसा पिवळा. सासूबाई कदाचित म्हणतील की हे सिमेतरीतले, म्हणजे दफनभूमीतले फूल आहे. आपल्याकडे सिमेतरीत चाफा लावतात हे खरे, पण रिकाम्या कबरेचा सण साजरा करताना सिमेतरीतल्या झाडाचे फूल घरात आले तर मला त्यात विसंगत काही वाटत नाही. तरी त्यांना नको असेल तर वाद घालू नका आणि मोगऱ्यावर भागवा. चाफा रविवारी पहाटे वेचायचा, तोडायचा नाही. झाडाखाली पडलेली ताजी फुले घेतली की देठातून चीक गळत नाही. तो चीक कपड्यावर पडला तर डाग राहतो. घरातले पितळेचे घंगाळ किंवा मोठी परात पाण्याने भरून फुले देठ खाली, तोंड वर अशी एकाला एक लावून तरंगत ठेवा आणि ती जाळ्याखाली, जमिनीवर मांडा. पाणी दिसता कामा नये, इतकी फुले हवीत. विरळ ठेवलीत तर ती पडलेली फुलेच वाटतात. दुपारी तीनच्या पुढे पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागतात, पण तोवर जेवणे झालेली असतील.

शेजाऱ्यांकडे गणपतीच्या दिवसांत मूर्तीच्या वर फळे-पाने टांगून माटवी बांधतात ती तुम्ही पाहिली असेलच. तीच पद्धत मांडवाच्या दारात वापरता येते. कैऱ्यांचे घोस, आंब्याचे टाळे आणि काजूचे बोंडू एका बांबूला बांधून आडवे टांगा. तुमच्या तालुक्यात कोणाच्या बागेत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या दोन्ही जाती असतील तर लाल आणि पिवळे असे दोन्ही बोंडू मिळतील. फक्त ते बाहेरच टांगा. मी एका ईस्टरला हौसेने पांढऱ्या मेजपोसावर पिकलेल्या बोंडूंची रास मांडली होती. पाहुणे येईपर्यंत मुंग्या आल्या, आणि रसाचे डाग त्या मेजपोसावर आजही आहेत. तो आता इस्त्रीखाली घालते. मुलांना बोंडूची ओली बी पिळून काढू देऊ नका, तिच्या सालातल्या तेलाने हात भाजतात.

झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या पाती आणि त्यांचे क्रूस सजावटीत मिसळू नयेत. त्यांची जागा आल्तारावर, क्रुसाच्या मागे आहे, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी त्या चर्चला परत जातात. तोरणासाठी वेगळी झावळ उतरवून घ्या.

अंड्यांशिवाय मुलांना ईस्टर वाटणार नाही, आणि इथे तुमचे हात कामाला येतील. एके काळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती घरात साठलेली असत आणि हौसेने रंगवली जात. फुटणाऱ्या कवचातून बाहेर येणाऱ्या जिवात कबरेचा अर्थ लोकांनी पुढे पाहिला. वसई आणि मुंबईकडे काजूच्या मार्झिपानची अंडी करतात, ती सुरेख असतात, पण काजूगर घालून तीस माणसांना पुरतील एवढी करायची तर तुमचे सगळे बजेट तिथेच संपेल. तुम्ही खरी अंडी रंगवा, कांद्याच्या सालीने.

पांढऱ्या कवचाची दोन डझन अंडी घ्या. गावठी अंड्याचे कवच मुळातच बदामी असते, त्यावर नक्षी उठून दिसत नाही. आजपासूनच कांद्याच्या वरच्या कोरड्या साली एका पिशवीत जमवा, शेजारणींनाही सांगून ठेवा. दहा-बारा मोठ्या कांद्यांच्या साली एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळल्या की पाणी दाट विटकरी होते. ते गाळून, थंड करून त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला, त्यामुळे रंग कवचाला धरतो. आता चिंचेच्या किंवा शेवग्याच्या पाल्याची लहान डहाळी ओली करून अंड्यावर सपाट चिकटवा, त्यावरून जुन्या मलमलीचा तुकडा ताणून लपेटा आणि मागे दोऱ्याने घट्ट बांधा. कापड सैल राहिले तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षी पुसट होते, म्हणून बांधण्याचे काम तुम्ही स्वतः करा, मुलांकडे पाने निवडण्याचे काम द्या. अशी बारा अंडी त्या पाण्यात ठेवून मंद आचेवर बारा मिनिटे उकडा, मग पाणी निवेपर्यंत त्यातच राहू द्या. कापड सोडल्यावर लालसर तपकिरी कवचावर चिंचेच्या पाल्याची एक एक पाकळी पांढरी उमटलेली दिसते. बोटाला खोबरेल तेलाचा थेंब लावून वरून फिरवा, चकाकी येते. तुमच्या मुलीने हे एकदा पाहिले की थर्माकोलच्या अंड्याचा विषय ती पुन्हा काढणार नाही, असा माझा अंदाज आहे.

उकडलेली अंडी शोभेसाठी सकाळपासून बाहेर ठेवू नका. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेले उकडलेले अंडे खाऊ नये. शनिवारी रंगवून ती फ्रिजमध्ये ठेवा, जेवणाच्या ताटांबरोबरच बाहेर काढा आणि मुलांना लगेच फोडून खाऊ द्या. टेबलावर सकाळपासून ठेवायला दुसरी डझनभर अंडी रिकामी करून घ्या. अंडे धुऊन दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडा, खालचे थोडे मोठे ठेवा, दाभण आत फिरवून बलक मोडा आणि वाटीवर धरून वरून फुंका. आतला ऐवज त्याच दिवशी ऑम्लेटला किंवा केकला वापरा. कवचे साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि हळद उकळून थंड केलेल्या, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवा. ती तरंगतील, म्हणून वर बशी दाबून ठेवा. अर्ध्या तासात छान पिवळी होतात. हे काम मंगळवार-बुधवारी उरकून घ्या. रोवळीत थोडा पेंढा घालून ही पिवळी अंडी जेवणाच्या टेबलाच्या मध्यभागी ठेवली की टेबलाला आणखी काही लागत नाही. अंडी लपवून शोधण्याचा खेळ मुलांना खेळायचा असेल तर तो खळ्यात आणि परसात खेळू द्या, वाळूत नको.

टेबलावर कापड नवीन घेऊ नका. धुतलेल्या पांढऱ्या चादरी घाला आणि वर केळीची पाने आडवी पसरा. मांडवाच्या आत छताला जुन्या पांढऱ्या किंवा पिवळ्या साड्या ताणून बांधल्यात तर ऊनही गाळून येईल. दिव्यांच्या माळा दुपारच्या जेवणाला काही कामाच्या नाहीत, आणि नाताळचा तारा तर काढूच नका, तो नाताळचाच राहू द्या.

एक मेणबत्ती मात्र हवी. जाड, पांढरी, हातभर नाही तरी वीतभर उंच. शनिवारी रात्री चर्चमधल्या पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, त्याच्या चार कोनांत वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच दाणे बसवलेले तुम्ही पाहता. घरच्या मेणबत्तीवर तोच क्रूस सुईने कोरा आणि धूपाच्या दाण्यांऐवजी पाच लवंगा खोचा. मेण कडक असते, म्हणून आधी तापवलेल्या सुईने भोके करून घ्या, नाहीतर लवंगेचे डोके मोडते. ही मेणबत्ती लोणच्याच्या जुन्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत वाळूवर उभी करा, म्हणजे वाऱ्याने विझणार नाही. घरातल्या प्रत्येकाने मिस्सावरून आणलेल्या लहान मेणबत्त्यांची थोटके वाळू घातलेल्या करवंट्यांत तिच्याभोवती मांडता येतील, पण ती जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरतीच पेटवा, नंतर वारा आणि मुले दोन्ही आवरणार नाहीत.

पैशांचा हिशोब एकत्र मांडते. जाळे, चाफा, कैऱ्या, झावळ, साली यांना पैसे नाहीत. कागद, दोरा आणि कात्री घरात नसेल तर तिचे मिळून दोनशेच्या पुढे जाऊ नका. अंडी आणि व्हिनेगर यांना अडीचशे-तीनशे धरा, आणि त्यांतली निम्मी अंडी जेवणात जातात हे लक्षात ठेवा. फुलांना दोनशे, मेणबत्तीला शे-दीडशे. म्हणजे आठशे-साडेआठशेत हे सगळे बसावे. उरलेले पैसे सजावटीत घालू नका, ते परत जेवणाच्या डब्यात टाका. यंदा वाटा कमी आला आहे असे तुम्हीच लिहिले आहे.

आता जाऊबाई. त्यांना आधीच कळवा, आणि पैशांची कारणे देत बसू नका. त्यांनी गेल्या वर्षी मनापासून केले होते, त्यामुळे यंदा फुगे नाहीत एवढेच कळवले तर त्या ते टीका म्हणून घेतील. त्याऐवजी त्यांना काम द्या. जाळ्यावर सोळा ओळींचे १३६ मासे तुमच्या मुलांकडून लावून घ्या आणि सतरावी, सगळ्यांत खालची ओळ रिकामी ठेवा. माशाच्या आकाराचा आणि मापाचा फोटो जाऊबाईंना आजच पाठवा आणि सांगा की शेवटचे सतरा मासे मुंबईहून यायचे आहेत, त्यांच्या मुलांनी कापलेले, हवे त्या रंगाचे. खालची ओळ जमिनीपासून मुलांच्या हाताच्या उंचीवर राहील एवढे जाळे खाली टांगा. रविवारी सकाळी मुंबईची मुले खळ्यात उतरली की त्यांच्या हातात पांढऱ्या दोऱ्याचे रीळ द्या.